खुणेखालची शाई

१

समोरच्या फॅक्टरीचा भोंगा एक वाजता होतो. भोंगा झाला की खालच्या वर्कशॉपमधली लेथ मशिनं एकेक करून थांबतात, शेवटी कॉम्प्रेसर धाप टाकून गप्प होतो, आणि मग अर्धा तास आमच्या घरात शांतता असते. पीण्यासारख्या कारखान्यांच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला शांतता म्हणजे काय ते त्या अर्ध्या तासातच कळतं. दीडला पुन्हा भोंगा, पुन्हा खडखडाट, पायाखालची फरशी थरथरायला लागते.

ऋचा झाल्यापासून माझा दिवस या भोंग्यावर चालतो. बाराला तिची अंघोळ, मग दूध, एकच्या आत झोप. दोनला ती पुन्हा दुधाला उठते, घड्याळ लावून घ्यावं अशी. मधल्या त्या अर्ध्या तासात मी जेवते. ताट मांडीवर घेऊन पाळण्याजवळच बसते आणि घास चावता चावता तिचा श्वास मोजते.

"श्वास काय मोजायची वस्तू आहे का गं?" सासूबाई म्हणायच्या. "जेव की नीट. दूध कुठून येणार मग?"

मी हो म्हणायचे आणि मोजायचे. पहिलं बाळ आहे, होतं असं, असं सगळेच म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. तो आवाज ऐकला तेव्हाही मला पहिल्यांदा तसंच वाटलं.

२

पेन यांनी आणलं होतं.

माझे मिस्टर, संतोषकुमार, आप्पाजींच्या शेडमध्ये इन्स्पेक्शनला आहेत. तिथे धातूच्या वस्तूंवर रंगाची पूड फवारतात आणि भट्टीत भाजतात. भाजून आलेला एकेक तुकडा हे ट्यूबलाइटखाली धरतात, सरळ नाही, आडवा, आणि हळूहळू कलवत नेतात. सरळ उजेडात न दिसणारा ओरखडा तिरक्या उजेडात दिसतो. तुकडा पास झाला की त्यावरून एकदा अंगठा फिरवायचा आणि पुढे सरकवायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात यांनी मला स्टीलचं ताट घेऊन हे सगळं शिकवलं होतं. आमच्याकडे लाडाची गोष्ट झाली ती तेवढीच.

मला सातवा महिना होता तेव्हा त्यांच्याकडे पेनांचं काम आलं. शाईची पेनं, काळी, मॅट फिनिश. त्यातलं एक हे खिशात घालून घरी घेऊन आले.

"रिजेक्ट आहे," म्हणाले. "आप्पाजी म्हणाले, घेऊन जा घरी."

"काय झालंय याला?"

"तेच तर. काहीच झालेलं नाही. एका भट्टीतली सगळी पेनं एकसारखी आली, हे एकटंच जास्त काळं. मी पाच वेळा कलवून बघितलं. एक ओरखडा नाही."

मी ते हातात घेतलं. नवी वस्तू म्हटली की ती चकचकीत असायची, हे मला माहीत. याला चकाकीच नव्हती. खिडकीतला उजेड त्याच्यावर पडायचा आणि तिथेच राहायचा. मी पोळ्या लाटत होते, तुपाचा हात, तरी बोटांचे ठसे उठले नाहीत. अंग घासलेल्या पाटीसारखं बारीक खरखरीत, आणि धातूचं असूनही गार नाही. टोपण लावलं की टक् असा एकच आवाज, तोही आपल्यालाच ऐकू येईल इतका.

माहेरी, आनेकलला, शाळेत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. शाळेतलं कन्नडही आणि आजोबांनी घरी गिरवून घेतलेलं मराठीही. सातवीनंतर शाळा सुटली. त्यानंतर मी लिहिलं ते काय, सिलिंडरवाल्याच्या वहीत सही आणि रेशनच्या फॉर्मवर सही. यांनी शाई भरून दिली तशी मी सामानाच्या यादीवर माझं नाव लिहिलं. काव्या. निब ओढावी लागली नाही. ती पुढे होती आणि माझा हात तिच्या मागून गेला.

"किराण्याच्या यादीला असलं पेन," हे हसले, "म्हणजे बैलगाडीला एसी."

मी यादीच्या पाठीमागे आणखी चार वेळा नाव लिहिलं.

३

ऋचा पाच दिवसांची झाली त्या संध्याकाळी सासूबाईंनी पाचवी पुजली. पाटा-वरवंटा आमच्याकडे नाही, मिक्सर आहे. पाटा घरमालकीण अक्कांकडून मागून आणला. हळदकुंकू, फुलं, दिवा, आणि शेजारी कोरा कागद नि पेन. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते, तिला लिहायचं सामान तयार पाहिजे.

घरातलं बॉलपेन उठेना. सासूबाईंनी ते चार वेळा तळहातावर ओढून पाहिलं.

"ते काळं ठेवा ना, अत्ते," मी सासूबाईंना म्हणाले. "देवीला जरा चांगलं असू दे."

हे मीच म्हणाले. दुसरं कुणी नाही.

सकाळी उजाडायच्या आत सासूबाईंनी मला उठवलं. कागद कोराच होता, असायचाच. तो त्यांनी पाळण्यात दुपट्याखाली सरकवला. पेन माझ्या हातात दिलं.

"टोपण लाव आणि कागदात गुंडाळ. वरच्या मजल्यावरची पोरगी कॉलेजला निघेल आता. तिला देऊन टाकू."

"का, अत्ते?"

"का म्हणजे? पाचवीचं पेन घरात ठेवतात का कुणी? संतूच्या वेळी दिलं, तुझ्या सासऱ्यांच्या वेळीही दिलं असणार. शिकणाऱ्याच्या हाती गेलं पाहिजे. चल, उरक."

त्या दार उघडायला वळल्या. न उठणारं निळं बॉलपेन माझ्या उशाशीच पडलं होतं. मी ते गुंडाळून दिलं.

चोरी म्हणा. पण मी तेव्हा चोरी म्हणून केली नाही. मला ते पेन आवडलं होतं, आणि माझ्या घरात मला आवडलेल्या वस्तू फार नव्हत्या.

४

बारशाच्या दिवशी दवाखान्याच्या कार्डावर बाळाचं नाव लिहायला मी ते साड्यांखालून काढलं. उठेना. मागचा भाग फिरवून काढला तर आतली पारदर्शक नळी रिकामी. पाचवीच्या संध्याकाळी यांनी माझ्यासमोर काठोकाठ भरली होती. वाळली असेल, म्हटलं. पुन्हा भरली, नाव लिहिलं, ठेवून दिलं.

चार दिवसांनी पुन्हा रिकामी.

मग मी नळीवर नेलपॉलिशने खूण केली, शाई होती तिथे. दुसऱ्या दिवशी शाई खुणेखाली. हे आले तेव्हा त्यांना दाखवलं. पेन मी ठेवून घेतलंय हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटलं.

"आईला कळलं तर तुला नाही, मला घराबाहेर काढेल." मग नळी उजेडात धरली. "लीक असणार."

"मग शाई कुठाय? साडीला डाग नाही."

"उडून जात असेल. हवेत."

"मग हवा काळी झाली असती."

"बरं बाई, मी इंजिनियर नाही," हे म्हणाले. पण त्यांनी पेन पांढऱ्या कागदात गुंडाळलं, वर प्लास्टिकची पिशवी, वर रबर. सकाळी कागद कोरा आणि शाई बोटभर खाली. "कंपनीचं डिझाइनच चुकलंय," असं म्हणून हे डबा घेऊन गेले.

त्याच दुपारी भोंगा झाला, मशिनं थांबली, कॉम्प्रेसर थांबला, आणि मला तो आवाज आला.

कुर्र. थांबला. कुर्र, कुर्र. शाळेत परीक्षेच्या वेळी बाकांवरून येतो तसा. निब कागदावरून जाते त्याचा.

उंदीर असेल. पाल असेल. मी ताट ठेवलं, कपाट उघडलं, साड्या उचलल्या. पेन टोपण लावून निमूट पडलेलं. कान जवळ नेला. तिथून काही येत नव्हतं.

आवाज चालूच होता. पाठीमागून येत होता, पाळण्याच्या बाजूने.

दुपट्याखालचा कागद आठवला. हात घालून ओढला. दोन्ही बाजूंनी कोरा. ऋचा झोपली होती, कपाळाला बारीक आठी घालून, कुणी तिच्या केसांवरून माशी हाकलावी आणि तिला ते आवडू नये तशी. दीडचा भोंगा झाला आणि मशिनांच्या खडखडाटात तो आवाज बुडाला. थांबला असं मला म्हणता येणार नाही.

५

"आण ते इकडे," एका गुरुवारी हे म्हणाले. "आप्पाजींना दाखवतो. तुझी झोप उडालीय त्याच्यापायी."

पेन घेऊन गेले. त्या दुपारी शांतता झाली ती खरी शांतता होती. बाहेर कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं लागलेलं, खाली पोरांचे डबे वाजले, बाकी काही नाही. मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. श्वासही मोजले नाहीत.

दोन वाजले. ऋचा उठली नाही. अडीच झाले. मी तिला उचललं तर मान मागे गेली. तळपायाला गुदगुल्या केल्या, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. श्वास चालू होता, पण ती दूधच धरेना. ओठांना लावलं तर बाजूने ओघळलं.

सासूबाई आणि मी रिक्षाने दासरहळ्ळीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, डोळ्यांत उजेड टाकला. "ताप नाही, काही नाही. स्वल्प वीक आहे, अम्मा, घाबरू नका. हे ड्रॉप्स द्या." ड्रॉप्स दिले. घरी आलो तरी तशीच.

सहाला हे आले. यांच्या हातात पेन, धुऊन पुसून स्वच्छ. "आप्पाजींनी सगळं खोलून साफ केलं. आता रिकामंच राहू दे."

मी ते हातातून ओढून घेतलं. स्वयंपाकघरात शाईची बाटली उघडली, निब बुडवली, मागचा खटका फिरवला. शाई नळीत वर चढायला लागली. खुणेपर्यंत आली तेव्हा आतल्या खोलीत ऋचा रडली. पाय झाडत, मुठी वळून. अर्धा तास ती दूध पीत होती.

"ड्रॉप्स लागू पडले," हे म्हणाले.

"हो," मी म्हणाले. ड्रॉप्स दिलेच होते की. तसंही असू शकतं.

पण त्यानंतर मी नळी रिकामी होऊ दिली नाही.

६

"बोटं कशाने काळी झालीत तुझी?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. मी हात पदरात घेतला. त्या उठल्या, सरळ कपाटाकडे गेल्या, साड्या उचलल्या. म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं, किंवा त्यांच्या नाकाला कळलं होतं.

मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्या पलंगावर बसल्या.

"त्या रात्रीपासून इथंच आहे?"

"हो."

"भरतेस?"

"हो. नाही भरलं तर ती..."

"किती दिवसांनी भरतेस?"

"आधी चार दिवसांनी, अत्ते. आता रोज."

त्यांनी ऋचाला मांडीवर घेतलं. त्यांना मोतीबिंदू आहे, तांदळातला खडाही त्या बोटांनीच शोधतात. तसाच त्यांनी तिच्या कपाळावरून अंगठा फिरवला. डावीकडून उजवीकडे. मग जरा खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे. कानशिलावरून, कानामागून, मानेवर. झबलं काढलं, पालथं घातलं. पाठीवरून अंगठा हळूहळू उतरत गेला. कमरेखाली एका जागी थांबला. त्याच्या पुढे त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं आणि झबलं घातलं.

"काय आहे, अत्ते?"

"मला कुठं दिसतंय," त्या म्हणाल्या. अंगठा पदराला पुसत होत्या, पुसतच होत्या.

"मी टाकून देते ते. आत्ता नेऊन नाल्यात टाकते."

"नको!" एवढ्या मोठ्याने त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मग हळू आवाजात, "आता नको. आता भरत राहा."

दुसऱ्या दिवशी त्या हेब्बाळला माझ्या नणंदेकडे गेल्या. डोळ्यांचं दाखवून दोन दिवसांत येते म्हणाल्या. त्याला तीन आठवडे झाले. रोज फोन येतो. बाळाचं कसं आहे, हे त्या विचारत नाहीत. शाई पुरतेय ना, एवढंच विचारतात.

७

चार वाजता आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येतं, आडवं, फरशीला चिकटून. त्या उन्हात मी ऋचाला मांडीवर घेतलं आणि यांनी ताट धरायला शिकवलं होतं तशी हळूहळू कलवली.

आधी नुसतं कपाळ, गुळगुळीत, तीट लावलेलं. आणखी जरा कलवलं. मग दिसलं.

ओरखडे असते तर बरं झालं असतं. ओळी होत्या. शाईच्या नव्हेत. वरच्या कागदावर दाबून लिहिलं की खालच्या कोऱ्या कागदावर वळ उठतात ना, तशा. भुवयांपासून केसांपर्यंत, मुंगीच्या पायाएवढं अक्षर, सरळ, सुबक, एकमेकांना खेटून. पाठ भरलेली. मांड्या भरलेल्या. उजवा तळपाय टाचेपासून बोटांपर्यंत भरलेला. डाव्या पायाच्या घोट्यापाशी ओळ अर्ध्यावर होती. डावा तळपाय कोरा.

मला वाचता आलं असतं. अक्षर ओळखीच्या वळणाचं होतं. म्हणूनच मी तिला चटकन सरळ केलं, आणि ती नुसती माझी पोर झाली, जांभई देणारी.

तेव्हा मला सगळं समजलं, आणि समजून काहीच उपयोगाचं नव्हतं. शाई दिली नाही तर पोर तिथल्या तिथे मालवते. शाई दिली तर लिहिणं पुढे सरकतं. जागा संपली की लिहिणं संपलं, आणि जागा किती, तर एवढासा तळपाय.

मी अर्धीच नळी भरून पाहिली. ती अर्धंच दूध प्यायली. शाईत पाणी घातलं. त्या दिवशी तिचं रडणं इतकं पातळ आलं की मीच रडत बाटली उघडली.

रविवारी यांना म्हटलं, "तुम्ही बघा. तुमची नजर कामाची आहे. ट्यूबखाली धरून बघा."

"वेडी आहेस." पण घेतली. ट्यूबलाइटखाली उभे राहिले, डोकं तळहातात, पाय कोपरावर, आणि कलवली. एकदा. परत एकदा. खूप वेळ उभे होते. खाली मशिनं बंद होती, रविवार ना.

"काही नाही," हे म्हणाले. "छान आहे पोर."

ती माझ्याकडे दिली. तिच्यावरून अंगठा फिरवला नाही.

सोमवारपासून हे ओव्हरटाइम करतात.

८

आज एक वाजता भोंगा झाला. मशिनं थांबली, कॉम्प्रेसर थांबला. मी ताट घेऊन बसले आणि कान लावला.

आवाज नव्हता.

मी कपाटाकडे गेले. आता मला शाई खुणेखाली दिसायची इतकी सवय झालीय की रिकामी नळी बघायला मन तयार होतं. नळी फिरवून काढली. शाई खुणेवरच होती. काल संध्याकाळी भरली तिथेच, केसभरही खाली नाही.

थांबू जरा, म्हटलं. वीस मिनिटांनी पुन्हा पाहिलं. खुणेवरच.

इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं, शाई न उतरणं. यांना फोन लावावा असं वाटलं. पण काय सांगू? पेन ठीक झालं, असं?

तिच्या डाव्या पायाला मोजा होता. अंघोळीनंतर मीच घातला होता, न बघता. तो मी काढला नाही.

सामानाची वही घेतली, पाळण्याकडे पाठ करून बसले आणि पेनाचं टोपण काढलं. कुणीतरी लिहीत राहिलं पाहिजे, एवढंच डोक्यात आलं. शाई उतरली पाहिजे. कशाने का असेना. मग जे सुचलं तिथून सुरू केलं. समोरच्या फॅक्टरीचा भोंगा एक वाजता होतो.

दीडला मशिनं सुरू झाली. या खडखडाटात श्वास ऐकू येत नाही, कुणाचाच. दोन वाजले तेव्हा मी पाचवीपर्यंत आले होते. तीनला दवाखान्यापर्यंत. या पेनाने लिहिताना हात दुखत नाही. अजूनही ते तसंच आहे, कुठे चकाकत नाही, माझ्या घामाचा ठसासुद्धा घेत नाही. अक्षर सुंदर येतंय. मुंगीच्या पायाएवढं, सरळ, एकमेकांना खेटून. आधी मी इतकं बारीक लिहीत नसे.

शाई उतरतेय. खुणेखाली गेली, संपली, भरली, पुन्हा खुणेखाली गेली. बाटलीत तळाशी थोडी आहे. वहीची चार पानं उरलीत.

साडेपाचला सुटीचा भोंगा होतो. मशिनं थांबतील, कॉम्प्रेसर धाप टाकून गप्प होईल, आणि मग पाठीमागून श्वास ऐकू येईल किंवा येणार नाही. दुधाची वेळ केव्हाच टळली आहे. छाती भरून आलीय, पदर ओला झालाय.

पाच वाजून दहा मिनिटं. मी वळत नाही. मी लिहिते.